समाननाम गांवें, जुने वाडे व कागदांची स्थाननिश्चिति
(खानदेशांतील कांहीं उदाहरणें)

जुन्या कागदांचा संग्रह करणारास कालनिश्चितीची जितकी चिंता असते तितकी स्थाननिश्चितीची नसते, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. शक, शुहूर सन, तिथि व वार यांचा मेळ घालण्यासाठीं तो जंत्री घेऊन रात्र रात्र बसतो; परंतु कागदांत 'जळगांव' हीं अक्षरें दिसलीं कीं तें जळगांव कोणतें, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा उठत नाहीं. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण जळगांव, तेव्हां कागदही तेथलाच, असें तो धरून चालतो. यामुळें एका गांवच्या वाड्याचा इतिहास दुसऱ्या गांवच्या वाड्याच्या खातीं चढतो. आणि एकदां तो छापला गेला म्हणजे पुढील लेखक त्याची छाननी न करतां तसाच उतरून घेतात. खानदेशांत, म्हणजे आजच्या जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, अशा घोटाळ्यास फार जागा आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं कांहीं समाननाम गांवांचा व त्यांच्या अनुषंगानें जुन्या वास्तूंचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम जळगांव घेऊं. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. बारामती तालुक्यांत जळगांव सुपें व जळगांव कडेपठार अशीं दोन आहेत; येवल्याकडे जळगांव नेऊर आहे; मालेगांव तालुक्यांत जळगांव निंबायती आहे. यांच्या उपपदांवरूनच त्यांची ओळख पटते, म्हणून त्यांचा त्रास थोडा. खरी अडचण आहे ती दोन मोठ्या जळगांवांची. एक गिरणेच्या पूर्वेस असलेलें खानदेशचें जळगांव. दुसरें सातपुड्याच्या पायथ्याशीं, आजच्या बुलढाणें जिल्ह्यांतील जळगांव जामोद. दोन्ही तापीच्याच खोऱ्यांत. दोन्ही जिल्हे एकमेकांस लागून. दोहोंकडे काळी जमीन, कापूस व वतनदारांचीं घरें. जवळच्या जामोद गांवाचें नांव दुसऱ्या जळगांवास जोडलें जातें तें खानदेशच्या जळगांवापासून तें वेगळें दिसावें म्हणूनच. परंतु कागद लिहिणारा कारकून आपल्याच परगण्यांत बसून लिहीत असे. त्याला दुसरें जळगांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि ठाऊक असलें तरी लिहिण्याची गरज नव्हती. तो नुसतें 'जळगांव' लिहून मोकळा होई.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आज खानदेशचें जळगांव इतकें मोठें झालें आहे कीं, प्राचीन काळींही तेंच मोठें असावें असें वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. या जळगांवचा भाग्योदय आगगाडीचा रस्ता झाल्यावर व अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढल्यावर झाला. त्यापूर्वीं त्या भागांत नांव होतें तें नशिराबादेचें. सन १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत सुद्धां तालुक्याचें नांव नशिराबाद असेंच आहे. उलटपक्षीं, ऐन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या नरनाळा सरकारांत जळगांव हा परगणा नोंदलेला आहे, व तें जळगांव म्हणजे आजचें जळगांव जामोद होय. सारांश, सतराव्या किंवा अठराव्या शतकांतील कागदांत 'परगणे जळगांव' असें आढळल्यास संशोधकानें प्रथम जामोदकडे पाहावें व मग खानदेशाकडे. आमचे बहुतेक संग्राहक याच्या उलट करितात.

कागद कोणत्या जळगांवचा हें ओळखण्याचीं साधनें कागदांतच असतात. मात्र तीं शोधावीं लागतात. सनदेच्या किंवा महजराच्या आरंभीं मौजे, तर्फ, परगणे, सरकार, सुभे अशी उतरंड दिलेली असली तर प्रश्नच मिटतो. एकीकडे सुभे खानदेश, ज्याला अकबराच्या विजयानंतर (१६०१) शाहजादा दानियाल याच्या नांवावरून कांहीं काळ दानदेश असेंही म्हणत. दुसरीकडे सुभे वऱ्हाड. परंतु घरगुती कागदांत, म्हणजे वांटणीपत्रांत, कर्जरोख्यांत, वाड्याच्या खरेदीखतांत, ही उतरंड बहुधा नसते. तेथें शेजारच्या गांवांचीं नांवें उपयोगीं पडतात. असोदें, भादली, नशिराबाद, मेहरूण, पिंप्राळें हीं नांवें आलीं तर कागद खानदेशचा. आसलगांव, सुनगांव, जामोद हीं आलीं तर तो वऱ्हाडचा. नुसत्या 'पिंपळगांव' या नांवावर मात्र विसंबूं नये. जळगांव जामोदेजवळ पिंपळगांव काळे आहे, आणि पाचोरें तालुक्यांत पिंपळगांव हरेश्वर आहे. एका संदिग्ध नांवाचा उलगडा दुसऱ्या संदिग्ध नांवानें करणें म्हणजे आंधळ्यानें आंधळ्यास वाट दाखविणें होय.

राज्यकर्त्यांचा क्रमही फार उपयोगाचा आहे. भालकीच्या तहानंतर (१७५२) खानदेशांत पेशव्यांचा अंमल दृढ झाला. १८१८ त तेथें कंपनी सरकार आलें. वऱ्हाडांत निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल बरींच वर्षें चालला. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. आणि इंग्रजांच्या हवालीं तो १८५३ त झाला. तेव्हां सुमारें १८३० च्या कागदांत इंग्रजी कलेक्टराचा उल्लेख असेल तर तो जळगांव जामोदेचा असणें कठीण, व निजामाच्या तालुकदाराचा असेल तर तो खानदेशच्या जळगांवचा नव्हे. अलीकडच्या कागदांस याहूनही सोपी कसोटी लागते. जळगांव जामोदेचा तालुका ऑगस्ट १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता, नंतर तो बुलढाण्यांत गेला. खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ त झाले, पूर्वेचें ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० नंतर हीं जुनीं नांवें जाऊन जळगांव व धुळें हीं रूढ झालीं. आणि धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा १९९८ त निराळा निघाला. यास्तव ज्या लखोट्यावर 'जिल्हा पूर्व खानदेश' असें असेल तो या दोन मर्यादांमधलाच समजावा, आणि ज्यावर 'जळगांव, जिल्हा अकोला' असें असेल त्यास चूक म्हणून फेंकून देऊं नये. असा एक लखोटा चुकीचा म्हणून बाजूस ठेवलेला आम्हीं स्वतः पाहिला आहे.

हा सर्व प्रपंच केवळ पांडित्यासाठीं नाहीं. आमच्या एका स्नेह्यांच्या संग्रहांत 'जळगांव येथील वाडा' अशी चिठ्ठी लाविलेला एक रुमाल होता. रद्दीच्या दुकानांतून तो त्यांच्याकडे आला. त्यांतील वांटणीपत्रांवरून जुन्या जळगांवांतील एका घराण्याचा वृत्तान्त लिहिण्याचें काम बरेंच पुढें गेलें होतें. वाड्याचे चौक किती, विहीर कोणाच्या वांट्यास गेली, येथपर्यंत टिपणें झालीं होतीं. आम्हांस रुमाल पाहावयास मिळाला तेव्हां शेतांच्या चतुःसीमांत आसलगांवची वाट व जामोदची शीव हीं स्पष्ट दिसलीं. वृत्तान्त थांबला, हें ठीकच झालें. पण ज्या वाड्याचे ते कागद होते त्याचा पत्ता आतां लागण्याचा मार्ग उरला नाहीं. कारण रद्दीवाल्यास तो रुमाल कोणी विकला हें सांगतां आलें नाहीं, आणि कागदांत घराण्याचें उपनांव कोठेंही नाहीं, केवळ 'देशपांडे' एवढेंच आहे. देशपांडे हें तर वतनाचें नांव. एका घराण्यास भलताच इतिहास मिळतां मिळतां राहिला, आणि दुसऱ्याचा खरा इतिहास बेवारशी झाला.

वाड्यांविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. खानदेशांतील जुन्या घरांची रचना कोंकण किंवा मावळ यांच्याहून निराळी आहे. पाऊस बेताचा, म्हणून उतरत्या कौलारू छपराऐवजीं सपाट मातीचें धाबें. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर काड्यांचा थर व वर माती; पाणी झिरपूं नये म्हणून दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर खारी माती टाकण्याचा प्रघात. घराचें मोजमाप खणांनीं होतें. खरेदीखतांत 'इतके खण घर' असें लिहिलेलें असतें, आणि वांटणींतही खणच मोजून दिले जातात. सधन वतनदारांच्या वाड्यांत देवडी, ओसरी, चौक, माडी व भिंतींतच केलेलें धान्याचें बळद असे. पाटलाची वस्ती पुष्कळ ठिकाणीं पांढऱ्या मातीच्या उंच गढीवर असे. खानदेशांत गुजराथी व्यापाऱ्यांची वस्ती जुनी असल्यामुळें मोठ्या पेठांतील घरांच्या खांबांवर व कमानींवर गुजराथी वळणाचें कोरीव लांकूडकाम दिसतें.

संग्राहकास या रचनेशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे. दप्तर ठेवण्याच्या जागा या रचनेवरूनच ठरलेल्या असत. देवघराच्या वरचा माळा, माडीवरील कोनाडा, रिकाम्या झालेल्या बळदाचा तळ, येथें रुमाल सांपडतात. शिवाय खरेदीखतांतील खणांची संख्या व चतुःसीमा उभ्या वाड्याशीं ताडून पाहिल्या म्हणजे कागद त्याच वास्तूचा कीं नाहीं याची परीक्षा होते. कागद वाड्याची साक्ष देतो व वाडा कागदाची. वाडा पडला म्हणजे ही दुसरी साक्ष गेली. आज वांटण्या झालेल्या घरांतून जुनें सागवान काढून विकलें जातें. कोरीव खांब व चौकटी दूरच्या शहरांतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जातात. कागद रद्दींत जातात. आणि तीनही वस्तु तीन दिशांस गेल्यावर त्यांचा परस्परसंबंध कोणासही जोडतां येत नाहीं. जुन्या जळगांवांत भोइट्यांच्या गढीचें नांव अद्याप निघतें. याच जुन्या वस्तींतील चौधरी वाडा बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांच्या वास्तव्यामुळें स्मारक म्हणून जपला गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. निरक्षर स्त्रीच्या मुखांतील ओव्या तिच्या चिरंजिवांनीं व आप्तांनीं उतरून ठेवल्या, व १९५२ त त्यांचें पुस्तक झालें. घर व वाङ्मय दोन्ही एकत्र राहिल्याचें असें उदाहरण विरळा. (ग्रंथालयांच्या याद्या करणारांस येथें एक सूचना करावीशी वाटते: तुकारामशिष्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकांतल्या, देवगांवच्या व पुढें शिऊरच्या. एकाच नांवाखालीं दोघींचे ग्रंथ लाविलेले आम्हीं पाहिले आहेत.)

धुळ्याची गोष्ट निराळी आहे. तेथें दुसऱ्या धुळ्याशीं घोटाळा होत नाहीं. घोटाळा होतो तो एकाच धुळ्याच्या दोन अवस्थांचा. १८०३ च्या दुष्काळांत धुळें ओस पडलें. पुढल्या वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. सोनगीर व लळिंग या मुलखाचा कारभार त्यांच्याकडे आला व त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यास केलें. त्यामुळें १८१८ पूर्वींच्या धुळ्याची माहिती शोधणारानें केवळ 'धुळें' हें नांव धरून दप्तरें चाळल्यास त्याच्या हातीं थोडेंच लागेल. सोनगीर व लळिंग हीं नांवें पाहिलीं पाहिजेत. इंग्रजी अंमल येतांच कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें नव्या खानदेश जिल्ह्याचें ठाणें धुळ्यास ठेवलें, आणि १८१९ पासून सरकारी इमारतींस प्रारंभ झाला. फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचें इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. पांझरेच्या कांठचें वेड्यावांकड्या गल्ल्यांचें जुनें धुळें व सरळ रेषेंत आंखलेलें, आंकड्यांच्या गल्ल्यांचें नवें धुळें यांतील भेद आजही डोळ्यांस दिसतो. १८७२ च्या महापुरांत या गांवाचें फार नुकसान झालें. म्हणून जुन्या धुळ्यांतील एखाद्या घराचें वय सांगतांना १८०४ चें पुनर्वसन व १८७२ चा पूर या दोन मर्यादा विसरून चालणार नाहीं.

दुसरेंही एक ध्यानांत ठेवावें. १८१८ पासून १९०६ पर्यंत सबंध खानदेशचें कलेक्टरकचेरीचें ठिकाण धुळें होतें. इनामाच्या चौकशा, वतनाचे वाद, वाड्यांच्या तक्रारी, सगळें तेथें जात असे. 'मुक्काम धुळें' असें लिहिलेला कागद म्हणून एरंडोलच्या, यावलच्या किंवा भडगांवच्या घराचा असूं शकतो. कागद कोठें लिहिला गेला आणि कशाविषयीं लिहिला गेला हे दोन प्रश्न भिन्न आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे यांचें देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच झालें व लगोलग त्यांच्या संग्रहाच्या रक्षणार्थ राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें, हें वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेल्या समर्थ संप्रदायाच्या बाडांसाठीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर १९३५ त उभें राहिलें. हीं दोन्ही घरें धुळ्यांत असलीं तरी आंतील सामग्री धुळ्याची नव्हे; ती साऱ्या महाराष्ट्रांतून गोळा झालेली आहे. ज्या मठांतून वा वाड्यांतून बाड आलें त्याची नोंद बाडाबरोबर असणें किती अगत्याचें आहे, हें अशा संग्रहांत वावरल्यावांचून नीट कळत नाहीं.

आतां 'नेर' या पदान्ताकडे वळूं. अमळनेर, पिंपळनेर, जामनेर, थाळनेर हीं खानदेशांतील, तशींच पारनेर, संगमनेर, सिन्नर हीं बाहेरचीं. संस्कृत नगर, प्राकृत नयर, त्यावरून नेर, ही व्युत्पत्ति बहुतेक विद्वानांस मान्य आहे. जीर्णनगरावरून जुन्नर झालें तोच हा मार्ग. कोणी नीर शब्दाशीं संबंध लावितात, कारण हीं गांवें नदीकांठीं आहेत. पण नदीकांठीं नाहीं असें जुनें गांव दाखविणेंच कठीण, म्हणून त्या युक्तिवादांत आम्हांस बळ दिसत नाहीं. पिंपळाचें नगर तें पिंपळनेर, जांभळीचें तें जामनेर. अशीं नांवें झाडापाण्यावरून पडलेलीं असल्यामुळें तीं ठिकठिकाणीं आपोआप उत्पन्न होतात. एका पिंपळनेराचे लोक दुसऱ्या पिंपळनेरांत जाऊन राहिले व त्यांनीं नांव नेलें, अशी कल्पना करण्याची जरुरी नाहीं. तरी अशा कल्पनांवर उभारलेल्या कुळकथा आम्हीं वाचल्या आहेत.

पिंपळनेर धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत आहे. संत निळोबारायांचें पिंपळनेर मात्र तें नव्हे. तें अहिल्यानगर जिल्ह्यांत (पूर्वींचा अहमदनगर), पारनेर तालुक्यांत आहे. निळोबांच्या अभंगांची एखादी वही साक्रीकडे सांपडली तर ती तेथील वारकऱ्याची असेल. तेवढ्यावरून निळोबांचें घराणें साक्रीस नेऊं नये. बीड जिल्ह्यांतही एक पिंपळनेर आहे. अमळनेरचेंही तसेंच. बोरीकांठचें अमळनेर सखाराम महाराजांच्या समाधीमुळें व संस्थानाच्या पंढरपूरच्या दिंडीमुळें सर्वांस ठाऊक आहे. प्रतापशेठ यांच्या आश्रयानें १९१६ त तेथें तत्त्वज्ञान मंदिर निघालें. साने गुरुजी तेथील हायस्कुलांत सहा वर्षें शिक्षक होते. दुसरें अमळनेर बीड जिल्ह्यांत पाटोदें तालुक्यांत आहे, व भांड्यांच्या धंद्यावरून त्यास 'भांड्याचें अमळनेर' म्हणतात. उपपद धंद्यावरून पडल्याचें हें सुरेख उदाहरण आहे. बोरीकांठच्या अमळनेरास १९५२ चें साहित्यसंमेलन भरलें तेव्हां अध्यक्ष होते 'मराठी व्युत्पत्तिकोशा'चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी, 'नेर' च्या गांवांत व्युत्पत्तिकार अध्यक्ष, हा योग मोठा रम्य खरा.

पुढें तर नुसतेंच 'नेर' आहे. एक धुळें तालुक्यांत पांझरेच्या कांठीं, दुसरें यवतमाळ जिल्ह्यांत, ज्यास परसोपंताचें नेर असें ओळखतात. शिरपूरचाही विचार करावा. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर अरुणावतीच्या कांठीं आहे. वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर हें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें जैन क्षेत्र. जैन वाङ्मयांत त्या क्षेत्राचें नांव 'श्रीपुर' असें येतें. यास्तव जैन पोथीच्या पुष्पिकेंत 'श्रीपुरे लिखितम्' अशा अर्थाचे शब्द दिसतांच पोथी खानदेशी ठरवूं नये. इतर पुरावा नसेल तर वाशीमकडील पक्षच बळकट समजावा.

एदलाबादेचें नांव बदलून आतां मुक्ताईनगर झालें आहे. जुन्या कागदांत तें एदलाबाद किंवा आदिलाबाद असें दोन्ही प्रकारें येतें, आणि आदिलाबाद तर तेलंगणांत आहेच. सुलतानपुराविषयीं मुसलमानी इतिहासकारांनीं स्वतःच सावधगिरी घेतलेली दिसते. ते बहुधा 'सुलतानपूर नंदुरबार' असें जोडनांव लिहितात. तें सुलतानपूर आज शहादें तालुक्यांतलें लहान गांव आहे. १८०२ त तें उध्वस्त झालें. लोणारजवळचें सुलतानपूर निराळें. बहादरपूर हें पारोळें तालुक्यांतील बोरीकांठचें जुनें गांव. परंतु संभाजी महाराजांच्या फौजेनें १६८१ त जें बहादुरपूर लुटलें तें बुऱ्हाणपुराबाहेरचें श्रीमंत पुरें होय. बोरीकांठच्या बहादरपुरास त्या लुटीचा मान देणारे लेख निघतात, ते दुरुस्त झाले पाहिजेत.

पाटण या नांवाचा विस्तार सर्वांत मोठा. पत्तन म्हणजे शहर. त्यामुळें अणहिलवाड पाटण, प्रभास पाटण, सातारा जिल्ह्यांतलें पाटण, आणि चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या कुशींतलें पाटणें. या पाटण्यास आज राहिलें आहे तें देवीचें स्थान, महादेवाचें प्राचीन देऊळ व जंगल. पण एके काळीं येथें निकुंभवंशी मांडलिकांचें नगर होतें. येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ त विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यानें मठ स्थापिला, व शके ११२८ त निकुंभ सोइदेवानें त्यास दान दिलें, असें त्यांत सांगितलें आहे. लेखाचा कांहीं भाग मराठींत आहे. एका विद्यागृहाला नेमून दिलेल्या उत्पन्नाची ही नोंद म्हणजे, वाड्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर, खानदेशांतलें सर्वांत जुनें घरपत्रच होय. मठाची इमारत नाहींशी झाली, पण तिचें दानपत्र आठशें वर्षें टिकलें.

भास्कराचार्यांनीं आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड म्हणून सांगितलें आहे. नांवाच्या ध्वनिसाम्यावरून कोणी तें विजापूर ठरवितात, कोणी बीड. ध्वनिसाम्य हें समाननामत्वाचेंच धाकटें भावंड आहे, व त्याचे धोकेही तेच. विजापूर सह्याद्रीच्या आश्रयास नाहीं. उलट पाटण्याचा लेख, आणि जवळच बहाळ येथील शके ११४४ चा लेख, ज्यांत भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव यानें भवानीचें देऊळ बांधल्याचें आहे, हे दोन्ही त्या घराण्यास चाळीसगांवच्या परिसरांत आणून ठेवितात. विज्जडविड म्हणजेच पाटणें असें आमचें म्हणणें नाहीं. पण शोध घ्यावयाचा तो याच मुलखांत घ्यावा, असें या दोन शिळा सांगतात.

शेवटीं याच्या उलट प्रकारचें एक उदाहरण देऊन लेख पुरा करितों. येथें एका नांवाचीं दोन गांवें नसून एका गांवचें नांव दुसऱ्या गांवच्या घराण्यास चिकटलेलें आहे. पारोळ्याचा भुईकोट १७२७ त हरि सदाशिव दामोदर यानें बांधला व पन्नास घरांच्या वाडीचें तटबंदीचें गांव केलें, असें गॅझेटियर सांगतें. हें घराणें नेवाळकरांचें, मूळ रत्नागिरी जिल्ह्यांतील कोटचें. पुढें यांच्याकडे झांशीची सुभेदारी आली. पारोळ्याचे जहागीरदार त्यामुळें लोकांत झांशीवाले झाले. १८२१ त कॅप्टन ब्रिग्जवर घाला घालण्याचा जो प्रयत्न झाला त्यांत पारोळ्याच्या लालभाऊंचें अंग असल्याचा इंग्रजांस संशय होता. १८५७ नंतर जहागीर जप्त झाली व किल्ला मोडण्यांत आला. किल्ल्याचा खंदक, बुरूज व आंतील महादेवाचें देऊळ हीं अद्याप पाहावयास मिळतात. पारोळें, अमळनेर व एरंडोल या बाजूस सावकारी रोख्यांत, पत्रांत व देवस्थानांच्या हिशेबांत 'झांशीवाले' किंवा 'झांशीकर' असा उल्लेख येतो. तो वाचतांच १८५७ च्या रणाचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें व कागदाची किंमत दसपट वाढते. पण कागदांत असते ती पारोळ्याच्या बागेची विक्री किंवा बोरीकांठच्या शेताची वहिवाट. असे कागद आले असतां त्यांची नोंद झांशी या शीर्षकाखालीं न करितां 'पारोळें, परगणा अमुक, खानदेश' अशी करावी, घराण्याचें लौकिक नांव पुढें कंसांत घालावें, आणि रुमाल कोणत्या घरांतून, कोणाच्या हातून, कोणत्या वर्षीं आला हें त्याच चिठ्ठीवर त्याच दिवशीं लिहून ठेवावें.